घोड्याच्या पाठीवर हात ठेवण्यापूर्वी : सौम्य कायरोप्रॅक्टिक शिकू इच्छिणाऱ्यास उत्तर

घोड्यांची देखभाल आणि स्वारी यांचा काही वर्षांचा अनुभव आहे, परंतु पशुवैद्यकाची पदवी नाही, अशा व्यक्तीला घोड्यांसाठीची सौम्य कायरोप्रॅक्टिक पद्धती (कणा व सांधे यांवर हाताने करायचा उपचार) शिकता येईल का, सुरुवात कुठून करावी, आणि पाचशे किलो वजनाच्या प्राण्यावर हलक्या हाताचा खरोखर काही परिणाम होतो का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट उमगले नाही तर माणूस ताकद वापरायला शिकतो आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

उपचार करणारा पाचशे किलोंच्या घोड्याला हलवत नसतो. तो एका वेळी एकाच सांध्याला हलवत असतो. घोड्याच्या पाठीतील दोन शेजारच्या मणक्यांमध्ये मुळातच अगदी थोड्या अंशांची हालचाल असते, आणि कायरोप्रॅक्टिकचा झटका हा त्या हालचालीच्या शेवटच्या टोकाशी, सांध्याच्या पृष्ठभागाच्या दिशेने, अतिशय जलद पण अतिशय उथळ दिलेला असतो. परिणाम साधतो तो वेगाने आणि अचूक दिशेने, वजनाने नव्हे. सांध्याभोवतीच्या आवरणात आणि मणक्यांना लगटून असलेल्या लहान स्नायूंमध्ये ताण व स्थिती टिपणाऱ्या चेतातंतूंची दाट गर्दी असते. त्या अचानक, लहानशा हालचालीची वार्ता मज्जारज्जूपर्यंत जाते, आवळून धरलेला स्नायू सैल होण्यास वाव मिळतो आणि सांधा पुन्हा आपल्या पूर्ण कक्षेत हलू लागतो. जड हाताने जोर लावला तर नेमके उलटे घडते. घोडा पाठ ताठ करतो, आणि एकदा त्याने पाठीचे स्नायू आवळले की कोणत्याही माणसाची ताकद त्यांना पुरी पडत नाही. सौम्यपणा हा केवळ दयाबुद्धीचा भाग नसून पद्धतीची अटच आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

याच ठिकाणी एक जुनी समजूत सोडून द्यावी लागेल. ‘मणका सरकला होता, तो जागेवर बसवला’ ही भाषा घोडेमालकांमध्ये फार रूढ आहे आणि काही उपचारकही ती वापरतात. घोड्याच्या पाठीचे मणके चकत्या, बरगड्या आणि जाड अस्थिबंध यांनी इतके घट्ट जखडलेले असतात की हाताने ते जागेवरून हलवताही येत नाहीत आणि जागेवर बसवताही येत नाहीत. एखादा मणका खरोखरच निखळला असेल तर तो घोडा तातडीने रुग्णालयात असायला हवा. बोटांना एखादा मणका ‘वर आलेला’ वाटतो तेव्हा बहुतेक वेळा त्या मणक्याच्या काट्याचा, म्हणजे मणक्यातून वर निघालेल्या हाडाच्या टोकाचा, आकारच जन्मतः थोडा वेगळा असतो, किंवा एका बाजूचा स्नायू आवळलेला व दुसऱ्या बाजूचा खंगलेला असतो. आपण शोधायची गोष्ट ‘सरकलेले हाड’ ही नाही. जिथे हालचाल कमी झाली आहे, स्पर्श सहन होत नाही आणि स्नायूंचा ताण बदलला आहे, अशी जागा शोधायची असते. सांध्यातून येणाऱ्या ‘कट्’ आवाजाचेही तसेच आहे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी त्याचा संबंध आहे, आणि घोड्याच्या बाबतीत तो आवाज अनेकदा येतच नाही. आवाजाची वाट पाहणारा विद्यार्थी नकळत जोर वाढवत जातो.

पुराव्याविषयीही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठदुखीची कोणतीही लक्षणे नसलेल्या घोड्यांच्या पाठीवर उपकरणाने दाब देऊन तो कितपत सहन होतो हे मोजले गेले. सात दिवसांनी ही सहनमर्यादा कायरोप्रॅक्टिक दिलेल्या गटात मध्यकाने (गटातील मधल्या आकड्याने) २७ टक्के, मालिश केलेल्या गटात १२ टक्के आणि फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलेल्या गटात ८ टक्के वाढलेली आढळली. हा उत्साह वाढवणारा आकडा आहे. परंतु ते घोडे निरोगी होते, आणि आजारी पाठ बरी होते असे यावरून सिद्ध होत नाही. पाठीची लवचीकता व स्नायूंचा ताण यांवर अल्पकालीन चांगला परिणाम दाखवणारे आणखीही लहान अभ्यास आहेत. मोठे, दीर्घ मुदतीचे, नियंत्रित अभ्यास मात्र थोडे आहेत. मालकाशी बोलताना याहून मोठे वचन देऊ नये. पोटशूळ, वांझपणा, त्वचारोग अशा गोष्टी मणके ‘जुळवून’ बऱ्या होतात असे सांगणाऱ्या शिक्षकापासून तर दूरच राहावे.

इतिहास थोडक्यात सांगतो. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी केली. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन व्हेटरिनरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन स्थापन झाली आणि प्राण्यांवरील उपचाराला शिस्तबद्ध प्रशिक्षणाची चौकट मिळाली. इंग्लंडमध्ये जॉन मॅक्टिमनी यांनी हलक्या, जलद हस्तक्रियांवर आधारलेली आपली पद्धत माणसांबरोबर प्राण्यांसाठीही विकसित केली. आपण ज्याला ‘सौम्य’ म्हणता त्या शाखेवर त्यांच्या परंपरेचा मोठा ठसा आहे.

आता खरा अभ्यास. घोड्याच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १८, कमरेचे ६, एकमेकांत जुळलेले त्रिकास्थीचे (कमरेमागच्या हाडाचे) ५ आणि शेपटीचे साधारण १५ ते २१ मणके असतात. काही घोड्यांत, विशेषतः अरबी जातीत, पाठीच्या किंवा कमरेच्या मणक्यांची संख्या एखाद्याने कमी असू शकते, म्हणून मोजणी नेहमी हाताने करावी, पुस्तकाच्या भरवशावर नव्हे. नवशिक्याला सर्वांत आधी बसणारा धक्का मानेचा असतो. आयाळीखाली मानेचे मणके असतील असे त्याला वाटते. प्रत्यक्षात आयाळीखाली चरबी आणि मानेचा मोठा लवचीक अस्थिबंध असतो, तर मणके इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण घेत कानामागून खाली उतरतात आणि खांद्यापाशी मानेच्या खालच्या कडेजवळ पोहोचतात. पहिल्या मणक्याचे पंख कानाच्या मागे स्पष्ट हाताला लागतात; डोके वर-खाली होते ते मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यात, तर डोके फिरते ते मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांच्या सांध्यात. मानेच्या तळाचे, म्हणजे पाचव्या ते सातव्या मणक्यांमधले सांधे वयानुसार सांधेवाताने जाड होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि तेथून निघणाऱ्या चेतातंतूंवर दाब आला की घोडा पुढच्या पायाने लंगडू शकतो. पाय तपासून काही सापडले नाही तर मानेकडे वळावे लागते ते याचमुळे.

पाठीकडे येताना खांद्यांमधला उंचवटा हा पाठीच्या पुढच्या मणक्यांच्या लांब काट्यांनी बनलेला आहे हे लक्षात घ्यावे. हे काटे मागे झुकलेले असतात. साधारण सोळाव्या मणक्याशी काटा सरळ उभा होतो आणि त्यापुढे काटे पुढच्या दिशेला झुकतात. झटक्याची दिशा प्रत्येक भागात बदलते ती या झुकावामुळे आणि सांध्यांच्या पृष्ठभागांच्या तिरकेपणामुळे. एकच हातवारे सगळ्या पाठीवर वापरणारा उपचारक शरीररचना शिकलेला नाही, हे ओळखावे. कमरेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना लांब, आडवे फाटे असतात, आणि शेवटच्या काही फाट्यांमध्ये आपसांत सांधे असतात. ही रचना घोड्याच्या वर्गातील प्राण्यांचे वैशिष्ट्य असून तिच्यामुळे कमरेचा मागचा भाग बाजूला जवळजवळ वळतच नाही. त्याच्या लगेच मागे, शेवटचा कमरेचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यात, पाठीतील सर्वांत मोठी वर-खाली होणारी हालचाल असते. घोडा मागचे पाय पोटाखाली घेतो, उडी मारतो, अचानक थांबतो, तेव्हा हाच सांधा वाकतो. त्रिकास्थी आणि कमरेचे रुंद हाड (श्रोणी; कमरेचे मणके नव्हेत) यांना जोडणारा सांधा मात्र खोल, जाड स्नायूंखाली असतो आणि तो फार तर एखाद-दोन अंश हलतो. तो थेट बोटांनी तपासता येत नाही. ‘कमरेचे हाड एका बाजूला वर गेले आहे’ असे निदान करण्यापूर्वी घोडा चारही पायांवर चौकोनी उभा आहे का, जमीन सपाट आहे का, आणि एका बाजूचा पुठ्ठा खंगला आहे का, हे पाहिले तर निम्म्या वेळा तो फरक नाहीसा होतो.

आणखी एक गोष्ट अशी की घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे धड दोन पुढच्या पायांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत लटकलेले असते, आणि उभ्या घोड्याचे साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते. ही झोळी आवळली की खांद्याचे पाते मोकळे फिरत नाही, पाठीचा पुढचा भाग खाली बसतो आणि स्वाराला वाटते की घोडा ‘पाठीने ताठ’ आहे. १९४६ मध्ये स्लायपर या डच शास्त्रज्ञाने घोड्याच्या धडाची तुलना धनुष्य आणि प्रत्यंचा यांच्याशी केली. कणा हे धनुष्य आणि पोटाचे स्नायू ही प्रत्यंचा. प्रत्यंचा ढिली पडली की धनुष्य खाली सपाट होते. पाठीवर उपचार करून पोटाच्या स्नायूंकडे दुर्लक्ष केले तर घोडा काही दिवसांत पुन्हा तिथेच येतो, याचे कारण या एका प्रतिमेत नीट कळते.

हात कसा घडवायचा, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा सवयीवर अवलंबून आहे. माझा आग्रह असतो की विद्यार्थ्याने पहिले वर्षभर एकाही सांध्याला झटका देऊ नये, फक्त तपासावे. अनेक घोडे, निरोगी आणि आजारी, वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या वयांचे. आधी सबंध तळहाताने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फिरावे. उष्णता, घाम, केसांची उलटी दिशा, खोगीराखालचे पांढरे केस, कोरडे राहिलेले पट्टे हे सगळे टिपावे. मग बोटांच्या पेरांनी कण्याच्या बाजूने, साधारण तळहाताएवढे अंतर सोडून, हळूहळू वाढणारा दाब द्यावा. दाब वाढवताना आपल्या बोटांकडे नव्हे तर घोड्याच्या डोळ्याकडे आणि कानाकडे पाहावे. एकदम टोचलेल्या बोटाने कोणताही घोडा दचकतो, आणि त्या दचकण्याला ‘वेदना’ असे नाव देणे ही नवशिक्यांची नेहमीची गल्लत असते. ज्या घोड्याच्या त्वचेला माशी बसलेली कळते, त्याच्या अंगावर हात नेताना आधी तळहात टेकवावा, थांबावे, त्याने एक श्वास सोडला की मगच खोल जावे. तीच जागा तीन वेळा तपासावी. तिन्ही वेळा प्रतिसाद आला तरच ती नोंदवावी. बऱ्याच जागा दुसऱ्यांदा हात फिरवल्यावर सैल झालेल्या आढळतात, आणि त्यांच्यावर उपचाराची गरज नसते.

हालचालीची तपासणी याच्या पुढची पायरी आहे. पोटाच्या मध्यरेषेवर बोटांनी हलका दाब दिला की निरोगी घोडा पाठ उचलतो. पुठ्ठ्यावर, शेपटीच्या दोन्ही बाजूंना वरून खाली बोटे ओढली की तो कमर आत घेतो. ही उचल किती सहज, किती समप्रमाणात आणि कोठे तुटक होते, हे पाहावे. शेपटी हळुवार धरून तिला लहान वर्तुळात फिरवताना ती एका बाजूला ताठ लागते का, हेही पुष्कळ सांगून जाते. बरगड्यांवर एक हात आणि काट्यावर दुसरा हात ठेवून घोड्याला लयीत, बाजूने डोलवले की कोणता मणका शेजाऱ्यांबरोबर डोलत नाही हे बोटांना जाणवू लागते. हे जाणवण्यास काही महिने लागतात. त्याला जवळची वाट नाही.

डोळ्यांनाही तेवढेच शिक्षण द्यावे लागते. घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर आधी चालवत, मग दुडक्या चालीत सरळ रेषेत नेऊन आणावे, दोन्ही बाजूंना लहान वर्तुळात फिरवावे, काही पावले मागे सरकवावे. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना डोके वर घेतो. मागच्या पायाच्या लंगडेपणात पुठ्ठ्याची वर-खाली हालचाल दोन्ही बाजूंना असमान होते. पाठ दुखते म्हणून आणलेल्या घोड्यांपैकी पुष्कळांचे मूळ दुखणे पायात असते आणि पाठ त्याची भरपाई करता करता थकलेली असते. म्हणून लंगडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उपचार करण्याआधी पशुवैद्याची तपासणी हवीच. हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. पाठ तात्पुरती सैल झाल्यामुळे लंगडेपणा झाकला गेला तर खऱ्या आजाराचे निदान लांबते, आणि त्याची किंमत घोडा मोजतो.

वेदना ओळखण्यासाठी आज चांगली साधने उपलब्ध आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या घोड्याच्या चेहऱ्याच्या वेदनामापनात सहा गोष्टी पाहतात : ताठ मागे वळलेले कान, डोळ्यांभोवतीचा आवळलेपणा, डोळ्यावरच्या भागातील ताण, ताणलेले व उठून दिसणारे चावण्याचे स्नायू, आवळलेले ओठ व पुढे आलेली हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. स्वारीखालच्या घोड्यासाठी ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन यांनी २४ वर्तनांची यादी तयार केली असून त्यांतील आठ किंवा अधिक वर्तने दिसली तर शरीरात वेदना असण्याची शक्यता बळावते. ज्यांना ‘हट्टी’ किंवा ‘आळशी’ म्हणून चाबूक खावा लागतो अशा किती घोड्यांचे खरे कारण या यादीतून बाहेर आले असते, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

हात लावू नये अशा अवस्था तोंडपाठच असल्या पाहिजेत. चालताना पाय ओढणे, लहान वर्तुळात पाय एकमेकांत अडकणे किंवा मागचा पाय फार बाहेर फेकणे, चालताना शेपटी बाजूला ओढली असता सहज तोल जाणे ही मज्जारज्जूच्या आजाराची चिन्हे आहेत. मानेच्या मणक्यांच्या कालव्यात अरुंदपणा येऊन मज्जारज्जू दाबला जाण्याचा विकार विशेषतः वाढत्या वयाच्या घोड्यांत आढळतो, आणि अशा मानेवर केलेली हस्तक्रिया घोड्याला कायमचा अधू करू शकते. ताप असेल तर थांबावे. प्रौढ घोड्याचे विश्रांतीतील तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस आणि नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. श्रमानंतर पुठ्ठे दगडासारखे कठीण झाले, घोडा हलायला तयार नाही आणि लघवी गडद तपकिरी झाली असेल तर तो स्नायू विरघळण्याचा आजार आहे. त्या वेळी मालिशही करू नये, घोड्याला चालवू नये, पशुवैद्याला तातडीने बोलवावे. नुकताच पडलेला घोडा, हाडाला चीर असण्याची शंका, नव्याने आलेली सूज, अकारण रोडावणे, तंग आवळताना चावायला धावणे व त्याबरोबर खाणे कमी होणे (यामागे जठरातील व्रण असू शकतात) या सर्व ठिकाणी आधी निदान, मग हात. शिंगरे व कोवळे घोडे यांच्याबाबतही संयम हवा, कारण मणक्यांच्या वाढीच्या पट्ट्या पूर्ण बंद होण्यास पाच ते सहा वर्षे लागतात. आणि खोगीराखालचे काटे एकमेकांना टेकण्याचा विकार, जो दहाव्या ते अठराव्या मणक्यांच्या पट्ट्यात विशेष दिसतो, तो हाताने दूर होत नाही. क्ष-किरण चित्रात तो दिसूनही अनेक घोड्यांना काहीच दुखत नसते, तर काहींना फार दुखते. त्यांच्यासाठी आपले काम पशुवैद्याच्या योजनेचा एक भाग एवढेच असते.

प्रत्यक्ष तंत्राविषयी लेखातून जेवढे सांगता येते तेवढे सांगतो. बाकीचे शिक्षकाच्या नजरेखालीच शिकावे. घोडा जागा, शांत आणि स्वतःच्या पायांवर समतोल उभा असावा. त्याला धरणारा अनुभवी माणूस उपचारकाच्याच बाजूला उभा असावा, बांधून ठेवलेल्या घोड्यावर काम करू नये. पाठीवर दिशा अचूक मिळण्यासाठी उपचारकाला उंचीची गरज असते, म्हणून भक्कम, न घसरणारा, घोडा हलला तर सहज उतरता येईल असा चौथरा वापरतात. आधी सांध्याला हळूहळू, लयीत, वेदनारहित कक्षेत हलवतात. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. झटका द्यायचाच असेल तर सांध्याचा ‘ढिलेपणा’ संपेपर्यंत हात हळू आत नेतात, घोडा श्वास सोडतो त्या क्षणी उथळ, जलद झटका देऊन हात लगेच सोडतात. मॅक्टिमनी परंपरेत हात झटक्यानंतर झपाट्याने मागे घेतला जातो. स्प्रिंग असलेले लहान उपकरण वापरणारेही आहेत. त्यामुळे हाताचा थकवा वाचतो, परंतु तपासणी उपकरण करत नाही, ती आपल्यालाच करावी लागते. हातोडी आणि लाकडी ठोकळा, पाय दोरीसारखा ओढून दिलेले हिसके, किंवा भूल दिलेल्या घोड्याची मान दोघातिघांनी मिळून मुरडणे हे प्रकार सौम्य पद्धतीत बसत नाहीत. पायाच्या लांब हाडाचा तरफेसारखा उपयोग केला की बळ कोणत्या सांध्यात उतरते यावर ताबा राहत नाही.

उपचारानंतर घोड्याला त्याच दिवशी जड काम देऊ नये. एक-दोन दिवस मोकळे चरू द्यावे किंवा हातात धरून चालवावे, मग हळूहळू काम वाढवावे. परिणाम पाहण्यासाठी आधी नोंदवलेल्याच गोष्टी पुन्हा मोजाव्यात : त्याच जागी दाब, तीच चाल, तीच पोट-उचल. दोन-तीन भेटींत काहीच बदल दिसला नाही तर चौथी भेट ठरवण्याऐवजी घोड्याला पुन्हा पशुवैद्याकडे पाठवावे. दर आठवड्याला ‘जुळवून’ घ्यावी लागणारी पाठ म्हणजे मूळ कारण सापडलेले नाही.

आणि ते कारण बहुधा पाठीच्या बाहेर असते. खोगीराचा भार शेवटच्या बरगडीच्या, म्हणजे अठराव्या मणक्याच्या मागे जाता कामा नये, आणि घोड्याच्या अंगकाठीत ऋतूप्रमाणे फरक पडतो म्हणून खोगीर एकदा बसवून घेतले की कायमचे बसले असे होत नाही. खुरांची छाटणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी व्हावी. खुराचे लांब वाढलेले पुढचे टोक आणि खाली बसलेल्या टाचा यांचा ताण थेट कमरेपर्यंत पोहोचतो. दातांच्या धारदार कडांमुळे घोडा जबडा आवळतो, जबड्यामागोमाग मानेचा वरचा भाग आवळतो. स्वार एका रिकिबीत जास्त वजन टाकत असेल तर तेही घोड्याच्या पाठीवर लिहिलेले दिसते. नालबंद, दंततपासणी करणारा, खोगीर बसवणारा आणि प्रशिक्षक यांच्याशी बोलण्याची सवय नसलेला उपचारक एकाच खोलीत चाचपडत राहतो.

प्रशिक्षण सुरू होण्याआधी आपण स्वतःच्या घोड्यासाठी एक गोष्ट निश्चितपणे करू शकता. गाजराच्या साहाय्याने घोड्याला डोके छातीकडे, पुढच्या गुडघ्यांमध्ये, खुरांपर्यंत, आणि दोन्ही बाजूंना बरगडी व मांडीकडे स्वतःहून वळवायला शिकवावे, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबावे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांना प्रत्येक हालचाल पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने करून घेतली, आणि सोनोग्राफीत मणक्यांना लगटून असणाऱ्या, कण्याला स्थिर ठेवणाऱ्या खोल स्नायूचा आडवा छेद वाढलेला आढळला. हे घोडे त्या काळात काम करत नव्हते, म्हणजे वाढ त्या व्यायामाचीच असावी. घोडा ओढला जात नाही, स्वतः वळतो, त्यामुळे दुखेल तिथे तो स्वतःच थांबतो. ती थांबण्याची जागा दोन्ही बाजूंना वेगळी असेल तर तीही एक तपासणीच आहे.

आता आपल्या पहिल्या दोन प्रश्नांकडे. कायदा देशागणिक वेगळा आहे, म्हणून अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी आपण जिथे काम करणार तिथला पशुवैद्यकाचा कायदा वाचावा. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये १९६६ च्या कायद्याने प्राण्यांचे निदान व वैद्यकीय उपचार पशुवैद्यांकडे राखून ठेवले आहेत आणि इतरांनी हस्तोपचार करायचा तो पशुवैद्याने घोडा तपासल्यानंतर. अमेरिकेत नियम राज्याराज्यांत बदलतात. तेथील असोसिएशनच्या प्रमाणपत्रासाठीचे अभ्यासक्रम दोनशेहून अधिक तासांचे असतात व ते पशुवैद्य आणि माणसांचे कायरोप्रॅक्टर यांनाच खुले असतात. मॅक्टिमनी परंपरेतील प्राण्यांच्या हस्तोपचाराचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर दिले जाते आणि त्यासाठी पशुवैद्य असण्याची अट नसते, त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी तो मार्ग विचार करण्याजोगा आहे. दोन-तीन दिवसांच्या शिबिरातून मालिश, ताण देण्याचे व्यायाम आणि निरीक्षण शिकता येते. झटका शिकता येत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्या शिबिराला जाऊ नये.

अभ्यासक्रम निवडताना काही गोष्टी थेट विचारून घ्याव्यात. शवविच्छेदन किंवा किमान खऱ्या हाडांवर अभ्यास होतो का, चेतासंस्थेची तपासणी शिकवली जाते का, एका शिक्षकामागे प्रत्यक्ष घोड्यावर किती विद्यार्थी असतात, उपचार न करता परत पाठवायच्या घोड्यांवर परीक्षा घेतली जाते का, आणि अभ्यासक्रम संपल्यावर देखरेखीखाली काम करण्याची सोय आहे का. प्रवेश मिळेपर्यंतच्या काळात आपल्या परिसरातील घोड्यांच्या पशुवैद्याला त्यांच्या लंगडेपणाच्या तपासण्यांच्या वेळी उपस्थित राहू देण्याची विनंती करावी, घोडा दुडक्या चालीत जाताना आपल्याला काय दिसले ते आधी वहीत लिहावे, आणि पशुवैद्याने चेता बधिर करून केलेल्या तपासणीचा निष्कर्ष आला की तो शेजारी लिहून दोन्ही ताडून पाहावेत.